जुन्या गाडीचं एक्झॉस्ट गॅस्केट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंधरा-वीस वर्षं किंवा त्याहून जुन्या गाडीच्या सायलेन्सर लाइनमधून फटफट ऐकू यायला लागली, की बहुतेक जण नवं गॅस्केट (दोन भागांच्या जोडातून वायू सुटू नये म्हणून मध्ये बसवलेलं पॅकिंग) आणतात, बसवतात आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तोच आवाज ऐकतात. गॅस्केट हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग आहे. खरं काम असतं गंजलेल्या स्टडचं (ज्यावर नट बसतो ती आट्यांची दांडी) आणि वाकलेल्या तोंडाचं (गॅस्केट जिथे टेकतं तो सपाट भाग). म्हणून खालची उत्तरंही त्याच बाजूला झुकलेली आहेत.

एक्झॉस्ट गॅस्केट नेमकं असतं कुठे?

एकच नसतं. पहिलं आणि सर्वांत महत्त्वाचं असतं सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारा फाटेदार पाइप) यांच्यामध्ये. दुसरं, मॅनिफोल्ड आणि खाली जाणारा पाइप जिथे मिळतात तिथे. त्यापुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा), मधला पाइप, सायलेन्सरचा डबा अशा प्रत्येक फ्लँजच्या (बोल्टने जोडलेल्या रुंद कडेच्या) जोडावर एकेक. गाडीला टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) किंवा ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) असेल तर त्यांची वेगळी. नुसतं ‘एक्झॉस्टचं पॅकिंग द्या’ म्हणून दुकानात गेलात तर चुकीचा भाग हातात पडण्याची शक्यता चांगलीच आहे. गळतंय कुठून ते आधी शोधा.

काही जुन्या इंजिनांत हेड आणि मॅनिफोल्डमध्ये कंपनीनेच गॅस्केट दिलेलं नव्हतं. दोन्ही तोंडं मशीनवर सपाट करून धातूवर धातू बसवलेला असायचा. अशी गाडी उघडल्यावर ‘गॅस्केट कुणीतरी काढून टाकलंय’ असं समजू नका. मात्र एकदा मॅनिफोल्ड उतरवला, की परत लावताना गॅस्केट घालणंच शहाणपणाचं. तोंडं आता पहिल्यासारखी राहिलेली नसतात.

ते जातं कशाने?

तापण्या-निवण्याने. पेट्रोल इंजिनावर जोर असताना हेडमधून बाहेर पडणारा वायू ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. ४० सेंटिमीटर लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड ५०० अंशांनी तापला तर साधारण २ मिलिमीटर लांबतो. पलीकडचं अॅल्युमिनियमचं हेड पाण्याने थंड ठेवलेलं असतं, त्यामुळे अॅल्युमिनियम जास्त पसरणारा धातू असूनही तेवढ्याच लांबीत ते एक मिलिमीटरही वाढत नाही. म्हणजे प्रत्येक वेळी गाडी तापली की मॅनिफोल्ड हेडवरून सरकतो आणि निवताना परत येतो. मधलं गॅस्केट दर फेरीला घासलं जातं. सर्वांत जास्त सरकतात दोन्ही टोकं, म्हणून टोकाचे स्टड आधी तुटतात आणि गळतीही बहुधा पहिल्या किंवा शेवटच्या सिलिंडरपाशी सुरू होते.

एकदा बारीक फट पडली की पुढचं काम गरम वायू करतो. तो त्या फटीतून वेगाने सुटत गॅस्केट जाळत, खात जातो.

गेलंय हे ओळखायचं कसं?

सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर टिकटिक किंवा फटफट, आणि पाच-दहा मिनिटांत ती कमी होणं किंवा थांबणं, ही ठळक खूण. मॅनिफोल्ड तापून पसरला की फट मिटते. पण आवाज थांबला म्हणजे दोष गेला असं नाही, तो उद्या सकाळी परत येणारच. बॉनेट उघडून जोडाच्या कडेला बघा. काजळीचा काळा ओरखडा बाहेरच्या बाजूला पसरलेला दिसला तर गळती तिथेच.

बाकीच्या खुणा: चढावर आवाज वाढणं, अॅक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फुटल्यासारखे आवाज, गाडी उभी असताना आत धुराचा वास. ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) असलेल्या गाडीत अॅव्हरेजही घसरतं. मॅनिफोल्डमधला दाब सतत वरखाली होत असतो आणि मधल्या क्षणी तो बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो. तेव्हा फटीतून हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे, आणि कॉम्प्युटर नको असताना पेट्रोल वाढवतो. अशा गाडीत सेन्सर बदलून काहीही होत नाही.

टॅपेटचा आवाजही असाच असतो ना?

अगदी असाच. टॅपेट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग. दोन्ही आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतात, त्यामुळे नुसत्या लयीवरून ओळखता येत नाही. फरक जोरावर आहे: गॅस्केटची फटफट गियरमध्ये ओढ पडल्यावर मोठी होते, टॅपेटला ओढीचं फारसं देणंघेणं नसतं. रबरी नळीचं एक टोक कानाजवळ धरून दुसरं जोडाच्या कडेने फिरवा. गळतीपाशी आलं की कानात फुंकर मारल्यासारखा आवाज येतो.

पेट्रोल गाडीत आणखी एक युक्ती आहे. एकेका सिलिंडरचं फायरिंग काही सेकंद बंद करायचं. ज्या सिलिंडरवर टिकटिक थांबेल त्याच्या तोंडाशी गळती. प्लगची वायर काढताना इन्सुलेटेड पक्कड वापरा आणि काढलेली वायर मोकळी लटकत न ठेवता बॉडीला अर्थ करा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर हा खेळ लांबवू नका. न जळलेलं पेट्रोल थेट त्यात जाऊन पेटतं.

गळतीची जागा नक्की कशी करायची?

इंजिन पूर्ण थंड असताना, हवा फुंकणारा व्हॅक्यूम क्लीनर मागच्या टेलपाइपला कापडाने बांधा, चालू करा आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी फवारा. जिथे फुगे येतील ती जागा. इतकं साधं आणि इतकं खात्रीचं दुसरं काही नाही.

फुगे जोडाच्या कडेऐवजी मॅनिफोल्डच्या अंगावरून आले तर बिडाला तडा गेलाय. तडासुद्धा तापल्यावर मिटतो, त्याचीही टिकटिक सकाळीच येते, आणि गॅस्केट बदलून आवाज का जात नाही याचं उत्तर पुष्कळदा तोच असतो. दोन पोर्टच्या (धूर बाहेर येण्याच्या तोंडांच्या) मधल्या बेचक्यात टॉर्च मारून बघा.

तशीच चालवली तर काय बिघडतं?

एक म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट आणि त्याहूनही जास्त ओढीने चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, झोप येणं ही त्याची लक्षणं, आणि लांबच्या प्रवासात ती थकव्यावर ढकलली जातात. बॉनेटखालची गळती ताज्या हवेच्या व्हेंटमधून आत येऊ शकते. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करू नका, दार उघडं असलं तरी गाडी बाहेर काढा.

फोक्सवॅगन बीटलसारख्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनांच्या गाड्यांत हा प्रश्न वेगळ्याच पातळीवर जातो. त्यांचा हीटर एक्झॉस्ट पाइपाभोवतीच्या आवरणातून हवा गरम करून ती थेट आत सोडतो. तिथे गॅस्केट गळलं किंवा आतला पाइप गंजून भोक पडलं तर धूर हीटरच्या वाटेने माणसांपर्यंत येतो. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत हीटर बंद, काचा खाली.

दुसरं नुकसान हळू होतं. सुटणारी गरम हवा जवळच्या वायरी आणि रबरी नळ्या भाजते, आणि हेडच्या अॅल्युमिनियमवर चर पाडते. आज गॅस्केटचं असलेलं काम उद्या हेड उतरवून फेसिंग (मशीनवर तोंड सपाट) करण्याचं होतं.

पेस्ट किंवा पट्टी लावून भागेल का?

मागच्या पाइपांवर, काही काळ, हो. मॅनिफोल्डच्या जोडावर नाही. तिथला दाब आणि हालचाल पेस्ट टिकू देत नाही.

कोणतं गॅस्केट घ्यावं?

पोलादी जाळीच्या किंवा भोकं पाडलेल्या पत्र्याच्या गाभ्यावर दाबलेलं ग्राफाइट, हे जुन्या गाडीसाठी माझं पहिलं मत. ते थोडं मऊ असतं, तोंडावरचे लहानसहान खड्डे भरून घेतं. पोलादाच्या अनेक पत्र्यांचं, उठावदार कडांचं गॅस्केट टिकाऊ असतं, पण त्याला तोंड अगदी सपाट आणि गुळगुळीत लागतं. नव्या मशीन केलेल्या तोंडावर ते उत्तम, खाचखळगे असलेल्यावर ते सुरुवातीपासूनच गळणार. तांब्याचं गॅस्केट लहान गोल जोडांवर छान चालतं.

स्वस्त, नुसत्या पुठ्ठ्यासारखं दिसणारं गॅस्केट मॅनिफोल्डला लावू नका. विकत घेण्याआधी जुन्यावर ठेवून पोर्टची भोकं जुळवा. गॅस्केटची कड पोर्टच्या आत डोकावत असेल तर ती जळून तुकडे सुटणार, आणि टर्बो असेल तर ते तुकडे थेट त्याच्या पात्यांवर जाणार.

जुन्या गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असतं का?

असू शकतं. विसाव्या शतकातल्या गाड्यांमध्ये उष्णता सोसणाऱ्या गॅस्केटसाठी ते सर्रास वापरलं जायचं, आणि बघून ओळखता येत नाही. म्हणून जुनं गॅस्केट, विशेषतः कधीच न बदललेलं, अॅस्बेस्टॉसचंच आहे असं धरून काम करा. कोरडं खरवडू नका, ग्राइंडरला वायर ब्रश लावून उडवू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. पाण्यात थोडं साबण घालून भिजवा, ओलं असतानाच प्लास्टिकच्या पट्टीने सोडवा, तुकडे आणि पुसलेलं फडकं पिशवीत घालून तोंड बांधा. कापडी मास्क उपयोगाचा नाही. एफएफपी३ किंवा पी१०० दर्जाचा लागतो.

नट जाम आहेत. काय करू?

घाई सोडा. हा सगळ्यांत लांबणारा टप्पा आहे, आणि इथे वाचवलेला वेळ तुटलेल्या स्टडवर दुप्पट जातो.

आदल्या दिवशी पेनिट्रेटिंग ऑइल मारा, संध्याकाळी पुन्हा मारा. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, कारण बऱ्याच गाड्यांत स्टार्टरची जाड वायर तिथूनच जाते. गाडीखाली जायचं तर स्टँड लावा, नुसत्या जॅकवर विसंबू नका. वायर ब्रशने बाहेर दिसणारे आटे साफ करा. सॉकेट सहा कोनी घ्या. बारा कोनी सॉकेट गंजलेल्या नटाचे कोपरे खाऊन टाकतो. आधी किंचित आवळा, मग सैल करा, पुन्हा आवळा. नट करकरला तर थांबा, तेल घाला, उलटा फिरवा. हाताला नट रबरासारखा लवचीक वाटला, फिरतोय पण सुटत नाही, तर फिरतोय तो नट नाही, पीळ बसतोय तो स्टडला. तिथेच थांबा.

त्यापुढचा उपाय उष्णता. तेल पुसून घ्या, पेट्रोलच्या नळ्या आणि प्लास्टिक झाका, आग विझवायचं साधन हाताशी ठेवा, आणि फक्त नट तापवा. लाल होईपर्यंत तापलेला नट पसरतो आणि गंजाची पकड सुटते. इंडक्शन हीटर (विजेवर, ज्योतीशिवाय धातू तापवणारा) मिळाला तर ज्योतीची भानगडच नको. तेही जमलं नाही तर नट छिन्नीने किंवा नट स्प्लिटरने (नट चिरणाऱ्या हत्याराने) फोडा. नट बळी देऊन स्टड वाचवणं हा कायम चांगला सौदा असतो.

इथे एक इशारा: ब्रेक क्लीनरने साफ केलेल्या भागावर ज्योत किंवा वेल्डिंग नेण्याआधी डब्यावरची माहिती वाचा. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर तापला की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. असा डबा या कामाच्या आसपासही नको.

स्टड तुटलाच. आता?

किती बाहेर राहिलाय त्यावर अवलंबून. बोटाला धरण्याइतका असेल तर त्यावर दोन नट एकमेकांवर आवळून, आतल्या नटाला पाना लावून काढा. तोंडाशी किंवा किंचित आत तुटला असेल तर त्यावर वायसर, वायसरवर नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्डिंग भरायचं. पोलादाचं वेल्डिंग अॅल्युमिनियमला धरत नाही, आणि त्या उष्णतेनेच गंज सुटतो. लाली गेली की नट हळूहळू मागेपुढे हलवत बाहेर घ्या. सवयीचा वेल्डर असेल तर बरेचदा पहिल्याच खेपेला निघतो.

ड्रिलचा मार्ग शेवटचा. बरोबर मध्यावर पंच करा, उलट्या हाताचा ड्रिल (स्टड सुटतो त्याच दिशेला फिरून कापणारा) वापरा. पुष्कळदा ड्रिलिंग चालू असतानाच स्टड फिरून बाहेर येतो. ईझी-आउट (स्टडमध्ये भोक पाडून त्यात घालून उलटं फिरवायचं) या हत्याराबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. जिथे धड स्टड फिरला नाही तिथे त्याच्या भोकात घातलेलं त्याहून बारीक हत्यार काय फिरवणार? ते आत तुटतं, आणि ते कडक पोलादाचं असल्याने साधा ड्रिल त्यावर चालत नाही. आटे गेले तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवता येते.

काही इंजिनांत स्टडचं भोक आरपार पाण्याच्या जागेत उघडतं. तिथे आधी रेडिएटरचं पाणी उतरवा आणि नवा स्टड सीलंट लावून बसवा. एक तुटला, तर बाकीचेही त्याच वयाचे आहेत हे लक्षात घ्या. निघतील तेवढे सगळे बदला.

मॅनिफोल्डचं तोंड सरळ आहे की नाही, कसं बघायचं?

तोंड स्वच्छ करा, अख्ख्या लांबीवर सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवा, आणि प्रत्येक पोर्टपाशी पट्टीखाली फीलर गेज (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पातळ पात्या) घालून बघा. किती वाक चालतो हे त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. गाडीगणिक आकडा वेगळा आहे. मर्यादेबाहेर असेल तर मशीन शॉपमध्ये फेसिंग करून घ्या, सगळे पोर्ट एका पातळीत. वाकलेला बिडाचा मॅनिफोल्ड नट आवळून सरळ करायला जाऊ नका. त्याचा कान तुटतो किंवा हेडमधले आटे निघतात.

मॅनिफोल्ड वर्षानुवर्षं तापून कायमचा आखडलेलाही असतो, म्हणजे टोकाची भोकं स्टडवर बसतच नाहीत. अशा वेळी हातोडीने ठोकून बसवलेला मॅनिफोल्ड टोकाच्या स्टडवर सतत आडवा ताण देत राहतो. टोकाची भोकं थोडी लांबट करून घेणं बरं. मॅनिफोल्डला सरकायला जागा मिळाली पाहिजे.

हेडचं तोंड अॅल्युमिनियमचं असेल तर प्लास्टिकची किंवा पितळेची पट्टी वापरा. पोर्टमध्ये कापडाचे बोळे घाला, आणि शेवटी ते मोजून बाहेर काढा. ग्राइंडरवरच्या खरखरीत चकत्या टाळा. त्या मऊ धातूत खड्डे पाडतात, आणि त्यांची बारीक कच इंजिनाच्या तेलात गेली तर बेअरिंग खाते.

माझ्या गाडीत इनटेक (हवा-पेट्रोल आत जाण्याची वाट) आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. काही वेगळं?

हो. बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या ए-सिरीजसारख्या इंजिनांत, म्हणजे जुन्या मिनी किंवा मॉरिस मायनरमध्ये, दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकाच गॅस्केटवर असतात, आणि काही नट तर दोघांना मिळून धरतात. दोन्ही मॅनिफोल्डच्या कानांची जाडी सारखी नसेल तर जाड बाजू आवळली जाते आणि पातळ बाजू गळते. बदलताना जाड वायसर घाला, दोन्ही कान एका उंचीवर आहेत का बघा. इथे गॅस्केट गेलं तर एक्झॉस्टच्या फटफटीबरोबर इनटेकमध्ये हवा ओढली जाते, आयडलिंग चढतं किंवा डळमळतं, आणि माणूस उगाच कार्ब्युरेटरच्या मागे लागतो.

बसवताना सीलंट लावायचा का?

मॅनिफोल्डवर नाही. सिलिकॉनचा सीलंट तिथली उष्णता सोसत नाही, जळून फट मोकळी करतो. वर सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सर निकामी करू शकते. गॅस्केट कोरडं बसवा. एका बाजूला पत्रा असेल तर तो बहुधा मॅनिफोल्डकडे येतो, म्हणजे मॅनिफोल्ड त्यावरून सरकू शकतो. तरी गॅस्केटवर छापलेली सूचना आधी वाचा.

किती आणि कोणत्या क्रमाने आवळायचं?

मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत, थंड इंजिनावर, टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळू देणाऱ्या पान्याने). आकडा मॅन्युअलचा. अंदाज यावा म्हणून सांगतो, ८ मिलिमीटरच्या स्टडला तो पुष्कळदा २० ते २५ न्यूटन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे वाटतो त्यापेक्षा बराच कमी. आट्यांना निकेलची अँटी-सीझ पेस्ट लावली तर आटे सुळसुळीत होतात आणि त्याच टॉर्कला ताण जास्त बसतो. मॅन्युअलचा आकडा कोरड्या आट्यांचा असेल तर थोडा कमी धरा. नट नवे घ्या, तांब्याचा मुलामा असलेले किंवा पितळेचे. पुढच्या वेळी जो कुणी ते सोडवेल तो दुवा देईल.

खालच्या पाइपाला स्प्रिंगचे बोल्ट आणि कडीसारखं गोल गॅस्केट आहे. ते वेगळं काम करतं का?

ते गॅस्केट म्हणजे एक सांधा असतो. इंजिन हलतं, पाइप हलत नाही, आणि मधली ग्राफाइटची कडी तो फरक सोसते. म्हणून बोल्ट त्याच्या खांद्यापर्यंतच जायला हवा आणि स्प्रिंगला दबायला जागा उरायला हवी. स्प्रिंग काढून साधे बोल्ट आवळलेल्या गाड्या दिसतात. त्या कड्या लवकर फुटतात आणि मग ताण मॅनिफोल्डवर जातो.

चालू केल्यावर धूर येतोय!

येऊ दे. पेनिट्रेटिंग ऑइल, पेस्ट, हाताचे डाग जळतात. उघड्यावर पंधरा-वीस मिनिटांत थांबतो. थांबलाच नाही, किंवा तो तेलकट निळसर असून वरून ठिबकतोय असं दिसलं, तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग बघा.

नवीन गॅस्केट काही महिन्यांत पुन्हा गेलं. माल खराब होता का?

क्वचितच. आधी इंजिनाची माउंटिंग बघा: रबर फाटलं असेल तर प्रत्येक ओढीला इंजिन झुलतं आणि पाइपाचा जोड पिळला जातो. सायलेन्सरचे रबरी हँगर आणि मॅनिफोल्डखालचा आधाराचा ब्रॅकेट जागेवर आहे का ते बघा. मागच्या दुरुस्तीत ‘हा कशाला हवाय’ म्हणून तो बाजूला ठेवलेला असतो. मग इग्निशनचं टायमिंग: फायरिंग उशिरा होत असेल तर पेट्रोल उशिरापर्यंत जळत राहतं आणि एक्झॉस्ट जास्त तापतो. तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मागून दाब देतो. हे सगळं ठीक असेल, तर पट्टी आणि फीलर गेज पुन्हा बाहेर काढा.

काही दिवसांनी नट पुन्हा आवळायचे का?

ग्राफाइटचं किंवा मऊ गॅस्केट असेल आणि मॅन्युअल नको म्हणत नसेल, तर हो. दोन-चार वेळा पूर्ण तापून निवल्यावर, थंड असताना, त्याच क्रमाने, त्याच टॉर्कला. पोलादी पत्र्यांच्या गॅस्केटला सहसा लागत नाही. टॉर्क रेंच लावताच एखादा नट अर्धा फेरा गेला, तर तो सैल झाला होता की त्याचा स्टड हेडमधून बाहेर येतोय, हे त्याला आणखी आवळण्याआधी बघा.